शिवसागरावर जाताना

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला, पाहुणे जमले आणि मुलांची सुट्टी अजून आठ-दहा दिवस शिल्लक राहिली, की घरोघर एकच टूम निघते : "कुठे तरी एक दिवस जाऊन येऊ या." साताऱ्या-सांगलीकडच्या मंडळींना त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. कासच्या पठारावरून बामणोलीला उतरावे किंवा महाबळेश्वरहून तापोळ्याला जावे. समोर कोयनेचा शिवसागर पसरलेला असतो. पावसाळा नुकताच सरलेला, जलाशय काठोकाठ भरलेला आणि डोंगर अजून हिरवे. जावयाचे कोठे, हे त्यामुळे चटकन ठरते. वाद होतो तो बरोबर काय न्यावयाचे यावर.

आपली सहल म्हणजे लहानसे बिऱ्हाड हलवणेच असते. सतरंज्या, उशा, पाण्याची कळशी, 'असू द्या, लागेल' म्हणून घेतलेले पातेले! मोटारीत हे सारे खपून जाते. होडीत खपत नाही. होडीला एकच हिशेब कळतो, तो वजनाचा. म्हणून पहिला नियम असा की, प्रत्येकाचे सामान त्याला एका हाताने उचलता आले पाहिजे. दुसरा हात चढता-उतरताना आधारासाठी मोकळा हवा. आणि जड पिशव्या एका कडेला रचू नयेत. त्या मध्यभागी, तळाशी ठेवाव्या.

कपडे सुती आणि सुटसुटीत असावेत. सकाळी पाण्यावरचा वारा अंगाला झोंबतो, दुपारी तेच पाणी ऊन तोंडावर परतवते. तेव्हा एक स्वेटर आणि एक टोपी दोन्ही हवीत. टोपीला बंद असावा. नाही तर ती शिवसागराला अर्पण झालीच म्हणून समजा. काठावर चिखल असतो, म्हणून चटकन काढता येतील अशा चपला बऱ्या. लहान मुलांचा एक कोरडा जोड रबरी कापडात गुंडाळून घ्यावा. मूल कोरडे राहील, अशी आशा कोणत्याही आईने करू नये.

खाण्याच्या बाबतीत हे दोन्ही जिल्हे भाग्यवान. सांगलीचे भडंग आणि बेदाणे, साताऱ्याचे कंदी पेढे हे जणू प्रवासासाठीच जन्मास आले आहेत. जोडीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फराळातल्या चकल्या. रस्सा, आमटी, ताक यांना त्या दिवशी रजा द्यावी. भडंगाची मात्र घरीच कागदी पुड्यांत वाटणी करावी, कारण उघड्या डब्यातले भडंग वारा आधी खातो, मग माणसे. पिण्याचे पाणी घरून, माणशी निदान दोन लिटर. स्टोव्ह नेऊ नये. होडीत विस्तव पेटवणे हा निव्वळ वेडेपणा आहे.

छोट्या पिशवीत चार वस्तू विसरू नयेत : उलटीच्या आणि नेहमीच्या गोळ्या, मीठ-साखरेची पुडी, एक विजेरी आणि थोडी रोख रक्कम. डोंगरांच्या कुशीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, आणि रेंज नसली की त्यातले पैसेही नसल्यासारखेच. वासोट्याकडे जावयाचे असेल तर ओळखपत्र हवे, कारण तिथे वनखात्याची परवानगी लागते. तो किल्ला कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, आणि २०१० पासून ते सांगलीकडच्या चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. त्यामुळे ध्वनिवर्धक, फटाके आणि बाटल्या घरीच राहू द्याव्या. वाघाने आपल्या घरी दिवाळीला येऊन डरकाळ्या फोडल्या नाहीत. आपणही त्याच्या घरी जाऊन फोडू नयेत.

सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र घरून न्यावयाची नसते, मागून घ्यावयाची असते. ती म्हणजे जीवरक्षक जाकीट. माणशी एक, आणि मुलांना मुलांच्या मापाचे. ते उशाला घेऊ नये, अंगात घालून बंद आवळावेत. "आम्हांला पोहता येते" हे उत्तर चालत नाही. विहिरीतले पोहणे वेगळे आणि कपड्यांनिशी गार पाण्यात पडणे वेगळे. आणि "एवढ्या दोघांना घ्या हो, बसतील दाटीवाटीने" असे नावाड्याला कोणी म्हणू लागला, तर घरातल्या वडील माणसाने त्याला तिथेच थांबवावे. दुसरी होडी करण्याचा खर्च सोसतो. सांगलीकरांना हे वेगळे सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात ब्रह्मनाळला माणसांना सोडवून नेणारी नावच उलटली आणि कित्येकांचे प्राण गेले. तिथे पाणी दाराशी आले होते; माणसांपुढे दुसरा मार्ग नव्हता. सहलीला निघालेल्याला तो नेहमी असतो.

होडी मध्यावर आली, की क्षणभर गप्पा थांबवून खाली पाहावे. गेल्या शतकातल्या साठीच्या दशकात कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. महाराष्ट्राच्या घराघरांत वीज आली, आणि शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ पोहोचली. घरे, शेते, देवळे पाण्याखाली गेली. माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. काही वरच्या उतारांवर सरकून राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरले, की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. आपली होडी चालवणाऱ्याच्या आजोबांचे शेत कदाचित त्याच पाण्याखाली असेल. मुलांना हे सांगावे आणि नावाड्याला 'अहो दादा' म्हणावे. त्याच्या मजुरीत चार-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये.

हेच पाणी पुढे कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि सांगलीच्या घाटावरून वाहते. वर टाकलेली पुडी आपल्याच गावाला पोहोचते, म्हणानात! तेव्हा निघताना दोन गोष्टी मोजाव्या : माणसे आणि पिशव्या. परतताना दोन्ही तितक्याच भराव्यात. पिशव्या हलक्या झालेल्या असाव्या, पण एकही मागे राहिलेली नसावी.