वरच्या मजल्याचे कुलूप

चिंचवडला पहिल्याने येणारा मनुष्य दोहोंपैकी एका कारणाने येतो. एक तर त्याला मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घ्यायचे असते, नाही तर त्याला नोकरी हवी असते. माझे मामा 1971 साली संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या गावाहून एक वळकटी आणि आय.टी.आय.चा दाखला घेऊन इथे आले, ते अर्थातच दुसऱ्या कारणासाठी. दर्शन त्यांनी घेतले ते नोकरी लागल्यावर. "आधी घेतलं असतं तर देवाला भीड पडली असती," असे ते अजून सांगतात.

परवा एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायला निघालो. मी चिंचवडगावात राहतो. मामा-मामी निगडीच्या प्राधिकरणात. एरवी मी बसने जातो, पण त्या दिवशी मुद्दाम पायी निघालो. जे बोलायचे होते ते कसे बोलावे, याचा विचार करायला वेळ हवा होता. मामांचा एकुलता एक मुलगा गेली चौदा वर्षे ऑस्ट्रेलियात आहे. आदल्या रात्री त्याचा फोन आला होता. "बाबांना एकदा तू सांगून बघ. वरचा मजला भाड्याने द्या म्हणावं. माझं ऐकत नाहीत. रात्री-अपरात्री हाक मारली तर ओ द्यायला कुणी तरी हवं ना रे!"

मला घाई नव्हती, म्हणून आधी पवनेच्या घाटावर गेलो. नदीचे पाणी आता पाहावेसे राहिलेले नाही. पण समाधिमंदिराच्या दगडी भिंतींना सकाळच्या उन्हात अजून एक शांत तेज असते. माघात आणि भाद्रपदात इथून मोरगावला पालखी निघते, तेव्हा जुने चिंचवड तेवढ्यापुरते जागे होते. घाटावरून वर आले की गावठाण. अरुंद बोळ, मध्येच एखाद्या वाड्याची उरलेली चौकट, तिच्यामागे चार मजली इमारत. याच गावठाणात चापेकर बंधूंचा वाडा आहे. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडणारे ते भाऊ या बोळांतून वाढले. वाड्याचे आता स्मारक झाले आहे. म्हणून तो टिकला. बाकीच्या वाड्यांना तेवढे भाग्य कुठले?

अशाच एका वाड्यात मामांना पहिली खोली मिळाली. खोली कसली, माडीवरचे कोठार होते ते. वाड्याची मालकीण एक वृद्ध विधवा बाई. मुले मुंबईला. तिने मामांना दोनच प्रश्न विचारले. "गाव कोणतं?" आणि "रात्रपाळी असते का?" असते म्हटल्यावर ती म्हणाली, "मग जिना वाजवत ये. चोर आला की तू आलास, हे मला कळलं पाहिजे." भाडे महिना पंधरा रुपये. त्या कोठारात मामांनी पाच वर्षे काढली आणि मामी लग्न होऊन आल्या त्याही तिथेच.

त्या वेळचे चिंचवड म्हणजे म्हातारे होऊ लागलेले एक लहान गाव होते. शिकलेली मुले पुण्या-मुंबईकडे गेलेली आणि वाड्यांच्या खोल्या रिकाम्या. ते पुन्हा तरुण झाले ते बाहेरच्या माणसांनी. 1954 साली पिंपरीला सरकारी पेनिसिलिनचा कारखाना आला. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मग माळरानावर एकामागून एक भोंगे वाजू लागले. कोकण, सातारा, मराठवाडा, खानदेश, जिथून तिथून पोरे आली. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. 1991 च्या शिरगणतीत या शहराची वस्ती 5 लाख 17 हजार होती. 2001 साली ती दहा लाखांवर गेली आणि 2011 साली 17 लाख 27 हजार भरली.

या आकड्यांना एक दुसरी बाजू आहे. ज्या दहा वर्षांत इथे सात लाख माणसे वाढली, त्याच दहा वर्षांत मामांच्या रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती घटली. 2001 साली 16 लाख 97 हजार होती, ती 2011 साली 16 लाख 15 हजारांवर आली. तिकडून निघालेले सगळेच काही चिंचवडला आले नाहीत; बहुतेकांनी मुंबईच गाठली. पण मामांच्या गावच्या घराला कुलूप आहे आणि गणपतीचे दिवस सोडले तर ते उघडत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. जुन्या लोखंडी किल्लीला वर्षभर खोबरेल लावून ठेवावे लागते, नाही तर ती फिरत नाही.

चापेकर चौक ओलांडून वाल्हेकरवाडीच्या रस्त्याला लागलो. इथे पंचवीस वर्षांपूर्वी शेते होती. आता दोन्ही अंगांना इमारती आणि इमारतींच्या फाटकांवर पाट्या. "खोली भाड्याने देणे आहे. फक्त कुटुंबासाठी." "अविवाहितांनी चौकशी करू नये." मी एक-एक पाटी वाचत चाललो होतो, कारण माझा एक जुना विद्यार्थी याच रस्त्याने सात घरी हिंडून आला होता. परभणीकडचा मुलगा, चाकणच्या एका कारखान्यात कामाला. धाकट्या भावाला इथल्या कॉलेजात घालायचे म्हणून दोघांपुरती खोली शोधत होता. दोघेही अविवाहित, तेव्हा सातही ठिकाणी नकार. मला गंमत वाटली ती ही, की या शहरात आलेला प्रत्येक जण आधी अविवाहितच होता आणि त्याला कोणी तरी खोली दिली म्हणून तर आज त्याच्या फाटकावर पाटी लावायला फाटक आहे.

वाल्हेकरवाडी मागे पडली की रस्ते एकदम रुंद होतात, झाडे वाढतात आणि माणसे कमी होतात. हे प्राधिकरण. कारखान्यातल्या माणसांना राहायला नीट जागा मिळावी म्हणून 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आखीव पेठा, मोकळी मैदाने, नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिलेले भूखंड. 2021 साली ही संस्था स्वतंत्रपणे उरली नाही, पण वस्तीला लोक अजून प्राधिकरणच म्हणतात. कुणी फिटर, कुणी फोरमन, कुणी शाळामास्तर. पतपेढीचे कर्ज काढून, बायकोच्या बांगड्या मोडून यांनी इथे घरे बांधली. आधी तळमजला, मग मुले मोठी झाली तशी वरची माडी. मामांनी तळमजला 1986 साली बांधला आणि माडी 1994 साली. पुढल्याच वर्षी मी शिकायला आलो आणि त्या माडीवरच्या पूर्वेच्या खोलीत पाच वर्षे राहिलो.

आज या गल्ल्यांतून जाताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. तळमजल्याच्या खिडक्या उघड्या आणि वरच्या बंद. फाटकावर तीन पिढ्यांची नावे असतात आणि आत दोन माणसे, कुठे एकच. सकाळी दुर्गा टेकडीवर फिरायला जावे तर पांढऱ्या केसांची रांग लागलेली. महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक 2011 साली शंभरांत दहाच्या आसपास होते. या गल्लीत मोजायला बसलो तर ते प्रमाण उलटे होईल की काय, असे वाटते.

यात कोणाचे चुकले? मला वाटते, कोणाचेच नाही. आपण घर बांधतो ते कुटुंब सर्वांत मोठे असते त्या दहा-पंधरा वर्षांच्या मापाने. मुलाचा अंगरखा वाढत्या अंगाचा शिवावा, तसे. पण अंगरखा आखूड झाला तर दुसरा घेता येतो. सैल झालेल्या घराचे काय करायचे? मामांना आता गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांचे लहान घर मिळाले असते तर ते कदाचित खुशीने गेलेही असते. पण तसली घरे कोणी बांधलीच नाहीत. एक तर हा बंगला, नाही तर कुठे तरी दूर रावेत-पुनावळ्याकडे बाराव्या मजल्यावरचा ब्लॉक. म्हणजे लहान खोली हवी आहे ती दोघांना, म्हाताऱ्यालाही आणि नव्याने आलेल्यालाही. आणि नाही ती नेमकी तीच.

मी पोचलो तेव्हा मामा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. चहा झाला. मी इकडचे तिकडचे बोलून अखेर विषय काढला.

"त्याचा फोन आला असणार," मामा म्हणाले.

"आला होता."

"खोल्या त्याच्या आहेत. आल्यावर तो कुठं झोपेल?"

"मामा, तो दोन वर्षांनी एकदा येतो, तीन आठवडे."

"तीन आठवडे तर तीन आठवडे."

मग मी मामेभावाने सांगितलेली हकीकत सांगितली. त्याला कामासाठी व्हिक्टोरिया राज्यात दूरदूरच्या गावी जावे लागते. तिकडे मेलबर्न आणि ॲडलेड यांच्या साधारण मध्यावर निल नावाचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. गव्हाचा मुलूख, यंत्रे आली तशी शेतावर माणसे कमी लागू लागली, पोरे शहराकडे गेली. मागे उरली ती तीन-तीन खोल्यांची घरे आणि त्यांतले म्हातारे. गावात बदकांचा एक कारखाना...

"बदकांचा?" मामींनी आतून विचारले.

"बदकाचं मांस तयार करतात, मामी. तर त्या कारखान्याला कामाला माणसं मिळेनात. मग 2010 पासून ब्रह्मदेशातून परागंदा झालेले करेन नावाचे लोक तिथं आणले. पाच-सहा वर्षांत दीडशेच्या वर आले. भाषा निराळी, रीत निराळी. आधी चार-दोन कुटुंबं आली, गावानं त्यांना घरं शोधून दिली, इंग्रजी शिकवलं, मग बाकीची आली. शाळेत मुलं वाढली, उतरत चाललेली वस्ती सावरली. पुढं 2015 साली त्याचा अहवालही निघाला."

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते त्यांचं गाव मरत होतं. आपलं कुठं मरतंय? इथं रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शहर वाढत होते. म्हातारी होत होती ती ही गल्ली. मी म्हटले, "मामा, तुमच्या वाड्यातल्या आजींचं गाव तरी मेलं होतं का? वाडा तेवढा रिकामा होता."

हे मी बोलायला नको होते असे मला लगेच वाटले. मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. आणि मामी हात पुसत बाहेर आल्या.

"मी सांगू का?" त्या म्हणाल्या. "मागच्या श्रावणात हे न्हाणीघरात पडले. मला उचलवेनात. मी फाटकापाशी जाऊन हाका मारल्या. पलीकडच्या वहिनींना ऐकू येत नाही, अलीकडचे मुलाकडे गेलेले. शेवटी दूधवाला आला तेव्हा ह्यांना उठवलं. पाऊण तास हे फरशीवर होते. तिकडं फोनवर सांगू नकोस म्हणून मला शपथ घातलीय."

हे मला ठाऊक नव्हते. मामेभावालाही नव्हते. मामा ओट्याच्या कडेकडे पाहत बसले होते. कारखान्यात छत्तीस वर्षे ज्यांनी लोखंड वळवले, त्या माणसाला पाऊण तास उठता आले नाही, ही गोष्ट त्यांना खोली भाड्याने देण्याहूनही अवघड वाटत असावी.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तो मुलगा... तुझा विद्यार्थी म्हणालास तो. गाव कोणतं?"

मी सांगितले.

"रात्रपाळी असते का?"

"असते."

मामींनी देवघरातून किल्ली आणली. जिना बाहेरून आहे. मी एकटाच वर गेलो. कुलूप कुरकुरत उघडले. पूर्वेच्या खोलीत माझे जुने टेबल होते, त्यावर मामेभावाची खोकी, आणि खिडकीशी पारव्यांनी मांडलेला संसार. खिडकी उघडायला जोर करावा लागला. उघडली तेव्हा खाली मामा मान वर करून बघत होते. "बिजागरीला तेल हवंय," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येशील तेव्हा घेऊन ये."

मुलगे राहायला येऊन आता दोन महिने झाले. सगळे गोडच चालले आहे असे नाही. धाकटा पाणी सांडतो, गाणी मोठ्याने लावतो, मोटारसायकल नेमकी तुळशीपुढे उभी करतो. मामांची माझ्याकडे दर आठवड्याला एक तक्रार असते. कालची निराळी होती.

"त्या थोरल्याला सांग," ते फोनवर म्हणाले, "रात्री साडेबाराला येतो आणि चपला हातात घेऊन मांजरासारखा वर जातो. आमची झोपमोड होईल म्हणून. त्याला म्हणावं, जिना वाजवत जा. तो आला की नाही हे कळेपर्यंत तुझी मामी जागीच असते."