डाव्या पेटीवरचा ओरखडा

तीनशे युरो. दोन वर्षं झाली, तरी तो आकडा आठवला की जीव जळतो.

मी म्युनिकला नोकरीला. इटलीत जाऊन मोटो गुझ्झीची व्ही८५ टीटी मोटरसायकल तीन दिवस भाड्याने घेतली. कोमो सरोवराकाठी मांदेल्लो देल लारिओत १९२१ पासून गुझ्झी बनतात; तो कारखाना बघायचा आणि स्टेल्विओ घाट करायचा, एवढाच बेत. (ही कंपनी आता पिआज्जोची. आपल्या बारामतीत तीनचाकी बनवतात तेच.)

स्टार्टर दाबला, उभ्या जागी ॲक्सिलरेटर पिळला आणि गाडी मांडीखाली उजवीकडे कलली. दचकलोच. या इंजिनाचा क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला, म्हणून तो झटका. ८५३ सीसीचे दोन सिलिंडर टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, वाऱ्यावरच गार होणारे. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट आहे. पावसातून आलं की चेन पुसा, तेल सोडा, ही कटकटच नाही. टाकी २३ लिटरची. लांब पल्ल्याला आणखी काय लागतं?

स्टेल्विओ बोर्मिओकडून चढलो. २७५७ मीटरवर जूनमध्येही रस्त्याकडेला बर्फ होता. प्रातोकडे उतरताना अठ्ठेचाळीस वळणं, प्रत्येकाला नंबर. तीन दिवसांत गाडी एकदाही पाडली नाही.

परत दिली तेव्हा दुकानातला माणूस थेट सामानाच्या डाव्या पेटीपाशी गुडघ्यांवर बसला. ॲल्युमिनियमच्या खालच्या कोपऱ्यावर बोटभर ओरखडा. तो आधीचाच होता! पहिल्या रात्री पेटी खोलीत नेली तेव्हाच मी त्यावरून बोट फिरवलं होतं. आत काळी घाण घट्ट बसलेली; ताज्या ओरखड्यात ती कुठून येणार? इंग्रजीत सांगितलं, मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, नखाने घाण उकरून दाखवली. तो कागदावर बोट ठेवून उभा. कागदावर गाडीचं चित्र, जुन्या ओरखड्यांवर फुल्या. त्या कोपऱ्यावर फुली नव्हती आणि खाली माझी सही होती. अनामत रकमेतून तीनशे कापले. तीनशेच्या वर मला खोटं ठरवलं, ते जास्त लागलं.

भाड्याची गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. पेट्यांचे तळसुद्धा. दुकानदाराला त्यात बोलू द्या.

त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं मी तिथेच ठरवलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनाच मेल केला. तीच गाडी, जूनचा दुसरा आठवडा. पेट्या नकोत, असं कळवलंय.