देवराई, पाच मार्कांना

परवा नात कॉलेजातून आली आणि चप्पल काढायच्या आत विचारती झाली, "आजोबा, देवराई म्हणजे काय? पाच मार्कांना येणार आहे."

आम्ही निगडीला राहतो. खिडकीतून देवराई दिसत नाही, समोरच्या इमारतीचं पार्किंग दिसतं. पण प्रश्न ऐकला आणि मी गप्पच झालो.

१९७६ साली मी भीमाशंकरच्या बाजूला एका महादेव कोळ्यांच्या वाडीवर नवा गुरुजी होतो. पाचवीच्या पेपरात प्रश्न घातला, जंगलाचे रक्षण कोण करते? उत्तर अर्थातच वनखाते. एका पोराने लिहिलं, "आमच्या राईतली वाळकी काटकीपन कोणी घरी नेत नाय. देव हाय तिथं." मी लाल शाईने फुली मारली आणि शेजारी 'अंधश्रद्धा' असं लिहिलं. वर शुद्धलेखनाचा अर्धा मार्कही कापला.

गंमत बघा, त्याच साली माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा सह्याद्रीतल्या देवरायांवरचा इंग्रजी शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. मला ते कळलं निवृत्तीनंतर.

पुढे १९८५ला तिथे अभयारण्य झालं. ज्यांनी राई राखली त्यांनाच बाळहिरडा वेचताना बिचकायची वेळ आली. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांची मालकी मान्य केली खरी, पण कागद मिळेपर्यंत तलाठ्यापासून प्रांतापर्यंत किती चपला झिजतात ते वाडीवर विचारा. पर्यावरण पदवीला सक्तीचं झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशामुळे, पण या चपलांवर मात्र प्रश्न येत नाही.

असो. नातीला हे सगळं सांगितलं, फुलीसकट. ती म्हणाली, "मग त्यांनाच बोलवू या ना वर्गात शिकवायला!" तिच्या बाई तयार झाल्या. त्याचा मुलगा चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे, त्याच्याकडून नंबर मिळाला. मी फोन केला. पन्नास वर्षांनी आवाज ऐकूनही तो म्हणाला, "बोला गुरुजी." त्याला अरे म्हणावं की अहो, मला सुचेना. फुलीचं विचारायचं धाडस झालं नाही. त्यानेही काही काढलं नाही. उलट म्हणाला, "येतो की. पन हिरडा वाळायला घातलाय, तेवढा उरकू द्या."

काल कॉलेजातून पाहुण्या व्याख्यात्याचा छापील फॉर्म आला. मानधन हवं तर सगळे रकाने भरायचे. नाव, पत्ता, बँक खातं झालं. पुढे 'शैक्षणिक पात्रता व विषयातील अनुभव'. शाळा त्याने सातवीतच सोडली होती.

नात म्हणते, रेघ मारा. फॉर्म अजून टेबलावरच आहे, आणि पेन माझ्या हातात.