हुर्राक, लिमका, मीठ

१.
रविवारी अकराच्या सुमाराला लागते ती भूक धड नाश्त्याची नसते, धड जेवणाचीही नसते. त्या वेळच्या ग्लासात कडक काही नको. फळ हवं, आंबट हवं, चिमूटभर मीठ हवं.

२.
रविवारी सकाळी लवकर उठूच नये, उशिरा एकच ऐसपैस जेवण करावं, अशी बाजू गाय बेरिंजर या इंग्रजाने १८९५ साली एका लेखात मांडली. पटते.

३.
गोव्यात दारूसाठी काजूचा बोंडू तोडत नाहीत. पिकून खाली पडला की वेचतात. बी पिरगळून वेगळी करायची, बोंडू तुडवायचे, रस आंबायला ठेवायचा. वरून यीस्ट लागत नाही. दोन-तीन दिवसांत रस आपोआप आंबतो. भट्टीवर एकदा गाळून मिळते ती हुर्राक, अल्कोहोल सुमारे १५ टक्के. पुन्हा गाळली की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. फेणी बाटलीत वर्षानुवर्षं टिकते. हुर्राक मार्च ते मे, तेवढीच.

तुडवून उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की रात्रभर थेंब थेंब रस निथळतो. तो नीरो. सकाळीच प्यावा, उन्हं चढली की आंबू लागतो.

४.
व्हेनिसचा हॅरीज बार १९३१ साली उघडला. तिथे मालक जुझेप्पे चिप्रियानीने बेलिनी बनवली : पांढऱ्या पीचचा गर एक भाग, प्रोसेको दोन भाग. हुर्राकेसारखीच सुरुवातीला तीही हंगामापुरती, पीच असेपर्यंतच मिळायची.

५.
हुर्राक ६० मिली. लिमका दुप्पट. लिंबाची फोड पिळून तीच ग्लासात. मीठ. एक हिरवी मिरची, उभी चिरलेली.

क्रम महत्त्वाचा. आधी हुर्राक, मीठ आणि मिरची. दोन मिनिटं तसंच राहू द्यावं. मिरचीचा तिखटपणा नंतर येतो, आधी तिचा हिरवा वास उतरतो, आणि हवा असतो तो तोच. मग बर्फ, शेवटी लिमका, ग्लासाच्या कडेने. लिमका फ्रिजमधलीच हवी. कोमट लिमकेत बर्फ भराभर वितळतो आणि सगळं पाणचट होतं. चमचा तळापासून एकदाच वर आणावा. ढवळत बसलं की गॅस जातो.

पहिल्या घोटाला पिकलेल्या बोंडूचा उग्र वास, मागून जिभेवर तुरटपणा. हा वास ज्यांना नको वाटतो त्यांच्यासाठी लिमका वाढवू नये, दुसरं काही द्यावं.

६.
६० मिली हुर्राकेत शुद्ध अल्कोहोल ९ मिली. संत्र्याच्या रसात ७५ मिली स्पार्कलिंग वाईन घातलेल्या मिमोसातही साधारण तेवढंच. ६० मिली फेणीत २५.

७.
मिमोसासाठी बाटलीतला रस वापरू नये. आपल्याकडे नागपुरी संत्री आहेत, नाशिकची स्पार्कलिंग वाईन आहे. मात्र संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होत जातो, आणि बिया चिरडल्या तर आणखीच. पाहुणे बसले की मग पिळावा. आधी वाईन, वरून रस. उलट केलं की फेस ग्लासाबाहेर.

८.
ब्लडी मेरी शेकरमध्ये घालून जोरात हलवू नये. टोमॅटोचा रस पातळ होतो, अंगचा दाटपणा जातो. चहावाला चहा ओढतो तशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतावी, पण सावकाश.

बारटेंडर फेर्नां पेतिओने न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात तिच्यात मीठ, मिरपूड, लाल तिखट, लिंबू आणि वूस्टर सॉस आणला. तिच्यातल्या व्होडकाला स्वतःची चव नाही. सगळी चव मसाल्याची.

९.
फेणी घ्यायचीच तर ३० मिली, कोकमाचं आगळ दोन चमचे, सोडा. आगळात मीठ असतंच, वरून घालू नये. आगळाऐवजी अमृत कोकम घातलं की सरबत होतं.

१०.
काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मुंबईत मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. घरी पिण्यासाठीही परवाना लागतो.

११.
सोबत काय? चोरिस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, परतून पोईत, म्हणजे तिथल्या पावात. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची किसमूर. उकडलेली अंडी. गोड काही नको, लिमकेत साखर भरपूर आहे.

मिमोसाबरोबर मात्र साधं आम्लेट. चोरिससमोर ती उभीच राहत नाही.

१२.
काजूची झाडं पत्रादेवीच्या नाक्यापाशी थांबत नाहीत. अलीकडे गोवा, पलीकडे सिंधुदुर्ग. माती तीच, वाण तेच. सिंधुदुर्गात बी तेवढी गोळा होते आणि बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतो. एप्रिलमध्ये सावंतवाडीच्या आसपासच्या बागांतून जाताना तो आंबूस गोड वास येत राहतो. मला वाईट वाटतं. एवढं रसाळ फळ.

१३.
न पिणाऱ्याचा ग्लास आधी भरावा. त्यालाही तोच उंच ग्लास, तेवढाच बर्फ. मिळाला तर नीरो, नाहीतर आगळ, सोडा आणि चिरलेली मिरची. गाडी चालवणाऱ्यालाही हेच. आणि त्याला 'थोडी घे ना' म्हणू नये.