मेळघाटातला जानेवारी

आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं ते उन्हाळ्यामुळे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे सरकला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून चौकशी करतात. थंडीची चौकशी कोणी करत नाही. अकोटात हिवाळा म्हणजे पहाटेची शेकोटी, पेटीतून काढलेलं एक स्वेटर आणि तूर सोंगायला जाताना कानाला गुंडाळलेला मफलर. म्हणून 2014 च्या जानेवारीत व्याघ्रगणनेला स्वयंसेवक म्हणून मेळघाटात जायचं ठरलं, तेव्हा घरी, शाळेत आणि एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाडीवरही मला एकच प्रश्न ऐकू आला, "सर, वाघ आला तं काय करसान?"

ही गणना देशभर दर चार वर्षांनी होते. 2006 पासूनची ही पद्धत. सुरुवातीचे तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत चालायचं: पाऊलठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. तीन दिवसांत निदान पंधरा किलोमीटर. पुढचे तीन दिवस आखून दिलेल्या दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर भल्या सकाळी चालायचं आणि सांबर, भेकर, गवा असे दिसतील ते तृणभक्षी मोजायचे. प्रत्येक बीटला एक वनरक्षक, एक वनमजूर आणि आमच्यासारखे काही हौशे. मुक्काम संरक्षण कुटीत. वीज नाही, फोन लागत नाही, बाहेरच्या जगाशी संबंध तो वायरलेसचा.

सातपुडा आम्हाला घराच्या गच्चीवरून दिसतो. पोपटखेड ओलांडलं की घाट लागतो. एवढ्या जवळचा डोंगर परका वाटत नाही, आणि तिथेच फसगत होते. आत शिरल्यावर तासाभरात कळतं की इथे माणूस नाही. पूर्वी होता. बोरी, कोहा, कुंड ही गावं 2001 च्या सुमारास उठून अकोट तालुक्याच्या सपाटीवर आली. नंतर अमोना, बारुखेडा आणि आणखी काही. वाघाचं भलं झालं, गावठाणाच्या जागी गवत माजलं, सांबरं वाढली. मात्र वाट चुकलेल्याने दार ठोठावावं असं घर आत उरलं नाही. आम्ही गेलो त्याच सुमाराला महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सुरू होत होती, पण ती बोलवायची तर फोनला आधी रेंज हवी.

आमचा वनरक्षक तिशीतला, अकोटकडचाच. त्याने पहिल्या संध्याकाळी वाघाचा विषय काढलाच नाही. आमच्या पिशव्या उघडायला लावल्या. माझ्याबरोबर अकोल्याहून आलेला इंजिनिअरिंगचा एक पोरगा होता. त्याच्या पिशवीत दोन जीन्स, सुती टी-शर्ट, भारी कॅमेरा आणि एक पातळ जॅकेट. माझ्या पिशवीत बायकोने आग्रहाने कोंबलेली अकोटची जाड सतरंजी निघाली. "हे कामाची," वनरक्षक म्हणाला. मला वाटलं होतं, तो पिशवीतल्या घोंगडीचं कौतुक करेल. त्याचं म्हणणं असं, की माणूस अंगावर दोन पांघरुणं घेतो आणि खाली फरशीवर एक चादर टाकतो. रात्रभर फरशी अंगातली ऊब ओढून घेते. दोन पांघरुणं असतील तर एक खाली गेलं पाहिजे. त्या रात्री माझी सतरंजी दुहेरी घालून तिच्यावर आम्ही दोघं झोपलो, आणि वर एकेक पांघरूण घेऊनही झोप लागली.

कुटी खोऱ्यात होती. पाणी जवळ, म्हणून तिथे बांधलेली. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोऱ्यात साचते. त्यामुळे वर कड्यावर नुसता गारवा असला तरी नाल्याकाठी दात वाजतात. सेमाडोह-चिखलदऱ्याकडे एखाद्या वर्षी गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. आम्ही होतो तेव्हा तसं काही गोठलं नव्हतं. पण पहाटे कुटीच्या टिनावरून दव टपकत होतं आणि बाहेर वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळपेक्षा ओला होता. कापसाच्या तालुक्यातल्या माणसाने हे बोलायला नको, पण अशा हवेत भिजलेल्या सुती कपड्याइतका वाईट सोबती नाही. पाणी धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते.

पहिल्याच रात्री पोराने घमेल्यात इंगळ घेऊन ते कुटीत आणलं. दार लावलं, खिडकीच्या फटीत पोतं कोंबलं. वनरक्षक वायरलेसवर हजेरी देऊन आला, काही न बोलता घमेलं उचलून बाहेर ठेवलं आणि पोतं काढलं. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि ती झोप उतरत नाही. शहरातही थंडीच्या दिवसांत शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. "शेका भाईर, झोपा अंदर," एवढंच तो म्हणाला.

खुणा शोधायच्या दिवसांत पुढे वनमजूर चालायचा. साठीकडे झुकलेला कोरकू माणूस, उठून आलेल्या गावांपैकीच एका गावचा. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. खांद्यावर कुऱ्हाड, हातात काठी, पायात प्लास्टिकची चप्पल. वळण आलं की काठी दगडावर आपटायचे, मोठ्याने खाकरायचे, नाहीतर वनरक्षकाशी उगाच काहीतरी बोलायचे. हे वाघासाठी नव्हतं. जानेवारीत बोरं पिकतात आणि अस्वल पहाटेपासून बोरीखाली असतं. खाण्यात गुंतलं की त्याला भान नसतं, नजर त्याची आधीच अधू. माणूस अगदी जवळ आल्यावर दचकतं आणि थेट अंगावर येतं. वाटेवर अस्वलाची विष्ठा दिसली, बोरांच्या बियांनी भरलेली, अजून ओलसर. बाबांनी हात वर केला. आम्ही थांबलो. ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले, मग वाट सोडून आम्हाला वरच्या अंगाने घेऊन गेले. मधल्या काळात पोराने दोनदा घड्याळ पाहिलं. "घाई करायची नाही, सर," बाबा मागे न बघता म्हणाले. बोलणं मला होतं, पण ऐकायचं कोणी हे सगळ्यांना कळलं.

प्राणी मोजायच्या दिवसांत मात्र काठी आपटायची, खाकरायची सोय नाही. तिथे आवाज केला तर सांबर पळणार. म्हणून पुरतं उजाडल्याशिवाय वनरक्षक रेषेवर पाऊल ठेवायचा नाही. नियमाने लवकर निघायला हवं, हे त्याला माहीत होतं. पण धुकं असेल तर तो दहा मिनिटं, कधी जास्तही थांबायचा. मला त्याचं पटलं. पाच सांबरं कमी मोजली गेली तर देशाचं काही बिघडत नाही.

आता त्या पोराची गोष्ट. दुसऱ्या दिवशी आमची वाट नाल्यातून होती. शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय सरकला आणि तो कमरेपर्यंत डोहात गेला. लागलं काही नाही. हसतच बाहेर आला. वनरक्षक म्हणाला, कपडे बदल. कोरडे कपडे कुटीत, कुटी मागे तासाभरावर. पोरगं म्हणालं, उन्हात वाळतील, आणि चालायला लागलं. ऊन होतं, पण वर टेकडीच्या माथ्यावर. नाल्यात दहा वाजले तरी सावली आणि बारीक वारा. फॉर्म भरायचं काम त्याच्याकडे होतं. थोड्या वेळाने वनरक्षकाने सहज फॉर्म मागितला, पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "सर, हे अक्षर पाहा." वरच्या ओळी सुवाच्य होत्या, इंजिनिअरिंगवाल्यांसारख्या सुट्या अक्षरात. खाली येता येता आकडे चौकटीबाहेर गेले होते, आणि शेवटच्या ओळीत वाचण्यासारखं काही नव्हतं. पोराला विचारलं तर बरं आहे म्हणाला, पण जीभ जड झालेली. हातातलं पेन खाली पडलं ते त्याला उचलता येईना.

अंगातलं तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं की हेच होतं. त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा एवढं पुरतं. कुडकुडतो आहे तोवर शरीर झगडतं आहे. कुडकुडणं थांबलं आणि माणूस मलाच उकडतंय म्हणू लागला, तर वेळ फार थोडा उरतो. पोरगं कुडकुडत होतं, ही चांगली गोष्ट.

वनरक्षकाने गणना तिथेच थांबवली. पोराला चढवून उन्हाच्या तुकड्यात आणलं, ओली जीन्स आणि बनियन काढायला लावली, स्वतःची खाकी लोकरीची जर्सी त्याला घातली. खाली माझी पिशवी, पायांभोवती बाबांचं धोतर. मी त्याचे तळहात चोळायला गेलो तर वनरक्षकाने अडवलं: हातापायातलं गार रक्त एकदम छातीकडे जातं, आधी पोट आणि छाती गरम होऊ द्या. आमच्याबरोबर आणखी एक हौशी होता, त्याच्या पिशवीत एक चपटी बाटली होती. त्याने ती मोठ्या मनाने पुढे केली. "दारू नाही देयाची याले. आंगातली गरमी भाईर जाते." दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, माणसाला ऊब वाटते आणि खरी ऊब निघून जाते. जमिनीवरचा पालापाचोळा झाडून बाबांनी हातभर जाळ केला, डब्यात पाणी उकळलं, त्यात गूळ टाकला. संक्रांत नुकतीच झालेली, म्हणून माझ्याकडे तिळाच्या वड्या होत्या. तासाभराने पोराने स्वतःहून दुसरी वडी मागितली. मग जाळ विझवला, राखेत हात घालून बाबांनी खात्री केली आणि आम्ही कुटीकडे निघालो. दुसऱ्या दिवशी ती वाट पुन्हा पहिल्यापासून चाललो, फॉर्म यावेळी माझ्याकडे.

हे सगळं पाळलं की काही होत नाही, असं म्हणायची माझी हिंमत नाही. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोब्यात कोलारा भागात वनरक्षक स्वाती ढुमणे याच गणनेच्या कामावर होत्या. बरोबर तीन वनमजूर. वाटेवर वाघीण बसलेली दिसली, त्या थांबल्या, बराच वेळ थांबल्या, आणि मग जंगलातून वळसा घालून निघाल्या. वाघिणीने हल्ला केला, त्यात त्यांचा जीव गेला. त्यांचं काय चुकलं, याची चर्चा तेव्हा अकोटच्या चहाच्या गाडीवरही झाली. मी त्यात पडलो नाही. पहाटे पायी अशा वाटेवर गेलेल्याने फार तर गप्प बसावं.

आम्ही हौशे आठवडाभर जाऊन येतो आणि वर्षभर सांगतो. वनरक्षक, वनमजूर मात्र गणना संपल्यावरही तिथेच. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा स्वतःचं एक स्वेटर आणि स्वतःची चप्पल असते. म्हणून शाळेतले आम्ही काही जण दिवाळीनंतर लोकरीचे कपडे आणि बूट गोळा करतो. स्वेटर मिळतात. बुटांचं अवघड. आयुष्यभर अनवाणी किंवा चपलेवर चाललेला पाय पुढे रुंद असतो, शहरातल्या निमुळत्या बुटात तो जात नाही. पहिल्या वर्षी बाबांना दिलेले बूट त्यांनी मागून कापून चपलेसारखे वापरले. आता देणाऱ्याला आधीच सांगतो: जुने चालतील, शिवलेले चालतील, पण पुढून रुंद हवेत, आणि आठ नंबरच्या खालचे आणू नका.