आईचं फॉरेन, फोन ऑफलाइन!

ताईच्या बाळंतपणासाठी आई एकटीच धाराशिवहून जर्मनीला निघाली आणि घरात टेन्शन सुरू! इंग्रजी जेमतेम, जर्मनचं तर नावच नको. म्हटलं, आईचीच तयारी करून घेऊ. आपला फंडा एकच : नेट नसताना चालेल तेच खरं अ‍ॅप.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी, इंग्रजी, जर्मन आधीच डाऊनलोड केलं. पाटीवर कॅमेरा धरला की मराठी हजर! मॅप्सवर ताईचं शहर सेव्ह केलं. आपण कुठे आहोत, ते निळा ठिपका सांगतो. मग दोन दिवस फोन एअरप्लेन मोडवर टाकून शाम्पूच्या बाटलीवर प्रॅक्टिस. सगळं आईच्याच बोटांनी!

आपल्याकडची खास टिप : 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ उस्मानाबादच असतं. व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच लिहा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. आणि ताईचा पत्ता, फोन नंबर? चक्क कागदावर, पर्समध्ये. कागदाची बॅटरी संपत नाही.

तुमचे आई-बाबा निघाले असतील, तर अ‍ॅप टाकून देऊन मोकळे होऊ नका. शेजारी बसा, चुकू द्या, पुन्हा करायला लावा. तिकडे विमानतळावर आपण नसतो ना!