गुरगुरण्याच्या आधी

घरात रांगतं मूल असताना कुत्रा पाळणारी माणसं मला बेजबाबदार वाटायची. तोंडावर कधी बोलले नाही, पण अशांकडे जायचं टाळायचे, आणि जावंच लागलं तर लेकीला कडेवरून खाली उतरू द्यायचे नाही. कुत्रा कितीही माणसाळलेला असला तरी तो कधी उलटेल याचा नेम नाही, असं माझं पक्कं मत होतं. मत कसलं, भीतीच होती ती.

तिचं मूळ साताऱ्यात आहे. माझ्या लहानपणी कुत्रा चावला म्हणजे पोटात १४ इंजेक्शनं. आमच्या आळीतल्या एका मुलाला त्याची आई रोज सकाळी सरकारी दवाखान्यात न्यायची आणि तो वाटेतला वडाचा पार धरून बसायचा. त्याचं रडणं आमच्या माजघरापर्यंत यायचं. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. डेव्हिड सेंपल यांनी ती १९११ मध्ये कसौलीला तयार केली होती आणि २००४ अखेर आपल्याकडे तिचं उत्पादन थांबलं. आता लस दंडात घेतात, जखम खोल असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन देतात, आणि वेळेवर उपचार घेतले तर जीव वाचतो. हे मी मोठेपणी वाचलं, समजून घेतलं. पण कुत्रा समोर आला की मला ते रडणंच ऐकू यायचं. शिवाय ही भीती अगदीच पोकळ नव्हती. माणसांना होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यांकडूनच येतो आणि लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

अशा माझ्या घरात भुरी आली. भाऊजींची बदली गुवाहाटीला झाली, तिथे कुत्रा ठेवू देणारं घर मिळेना. "वहिनी, थोडेच दिवस," म्हणाले. मी नकाराची वाक्यं जुळवत होते तेवढ्यात सासूबाईंनी निकाल लावला. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. "देवाचं कुत्रं दाराशी आलंय, नाही म्हणायचं नसतं." भुरी गावठी, मातकट रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. भाऊजींनी तिला रस्त्यावरून उचलली होती आणि तिच्या सगळ्या लसी वेळच्या वेळी दिल्या होत्या. ते कार्ड मी पहिल्याच दिवशी मागून घेतलं.

मग सकाळी रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत, लेकीचा एक मोजा पायात आणि दुसरा भुरीच्या तोंडात, धाकटा भुरीच्या वाडग्यातला दूधभाकरीचा काला मूठ भरून खातोय, कुकरची शिट्टी झाली की भुरी भुंकते, ती भुंकली की धाकटा किंचाळतो, आणि ओट्यावर दूध उतू जातंय. खरं तर भुरी यायच्या आधीही दूध उतू जात होतं, मोजे हरवत होते. पण आता दोष कुणाचा ते ठरून गेलं होतं. नवऱ्याशी रोज एकच बोलणं, "हिला कधी नेणार?"

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीत मुलं आणि भुरी. सासूबाई देवळात गेलेल्या. तिकडून गुरगुरण्याचा आवाज आला. खालच्या पट्टीतला, लांबलेला. मी धावले. दिवाणाच्या आणि भिंतीच्या बेचक्यात भुरी अंग चोरून बसली होती आणि धाकट्याने तिचा पडलेला कान मुठीत धरला होता. मी त्याला खेचून घेतलं आणि हातातलं लाटणं भुरीवर फेकलं. ते तिच्या पाठीत बसलं. ती ओरडली, धाकटा ओरडला, लेक मला मारायला धावली. माझ्या मनात एकच होतं: बघा, मी म्हणतच होते.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी गेले ती माझं म्हणणं खरं ठरवून घ्यायला. हिला घरात ठेवणं धोक्याचं आहे, एवढं त्यांनी म्हणावं, म्हणजे घरच्यांपुढे विषय संपेल. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "गुरगुरण्याच्या आधी काय काय झालं?"

मला सांगता येईना. माझ्या लेखी आधी काही झालंच नव्हतं.

लेक म्हणाली, "मी सांगते. बाळ भुरीजवळ गेलं तेव्हा भुरीने तोंड फिरवलं. मग सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती. मग जांभई दिली. मग उठून दिवाणामागे गेली. बाळ तिकडेपण गेलं. भुरी मानेने भिंतीकडे बघत होती आणि डोळ्यांनी बाळाकडे, तिच्या डोळ्यातलं पांढरं दिसत होतं. मग गुर्र केलं." थोडं थांबून ती म्हणाली, "आई, मी तुला दोनदा हाक मारली होती. तू थांब म्हणालीस."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढ्या वेळा तिने नको म्हणून सांगितलं. शेवटी आवाज काढला. त्या आवाजासाठी तिला मार मिळाला, तर पुढच्या वेळी ती आवाज काढणार नाही. सरळ चावेल."

तिथल्या बाकावर बसून मी लेकीकडे बघत राहिले. सहा वर्षांच्या मुलीने जे सगळं क्रमाने पाहिलं होतं, ते मी इतके दिवस घरात वावरून एकदाही पाहिलं नव्हतं. भुरीवर माझी नजर नव्हती असं नाही. चोवीस तास होती. पण ती दात कधी दाखवते एवढंच मी बघत होते. आणि लाटणं फेकून मी माझ्या मुलाला वाचवलं नव्हतं, पुढच्या वेळचा इशारा मात्र बंद करायला निघाले होते. हाकेचं तर मला अजून बोचतं. 'थांब' म्हटल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

लहान मुलांना होणारे चावे बहुतेक घरातल्या किंवा ओळखीच्याच कुत्र्याचे असतात, हेही डॉक्टरबाईंनी सांगितलं. म्हणजे माझी भीती खोटी नव्हती. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. मूल आणि कुत्रा यांना अर्धं मिनिटही एकटं सोडायचं नाही. आणि भुरीला अशी एक जागा द्यायची, जिथे मूल कधीच जाणार नाही. गॅलरीत जुनी गोधडी घातली, दाराला आडवी फळी लावली. भुरी खाताना आणि झोपलेली असताना तिला हात लावायचा नाही, हा नियम लेकीने आजीलाही लावला.

गोंधळ कमी झालेला नाही. मोजे अजून पळवले जातात. पण आता "आई, तोंड फिरवलं!" अशी आरोळी आली की मी पोळी तव्यावर जळू देते आणि जाते. धाकटाही भोकाड पसरायच्या आधी डावा कान ओढतो, हे मला त्याच दिवसांत पहिल्यांदा दिसलं.

भाऊजींना गुवाहाटीत घर मिळालं आहे. भुरी त्यांची आहे, ती जाईल की राहील ते अजून ठरत नाही, आणि त्यावर आमच्याकडे रोज वाद होतात. मी राहू दे म्हणणाऱ्यांत आहे. मात्र बाळ लहान आहे, कुत्रा आणू का, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी पटकन हो म्हटलं नाही. संध्याकाळी सहा ते आठ तुमच्याकडे जमिनीवर बसायला कोण मोकळं असतं, एवढंच तिला विचारलं.